कडक पिवळा, मऊ पिवळा

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तपासनीसांनी सासऱ्यांच्या गाडीच्या बॉनेटवर घासणी फिरवली. घासणी स्वयंपाकघरातली होती. तिची एक बाजू पिवळी आणि मऊ, दुसरी हिरवी आणि खरखरीत. बॉनेटवर कबुतराची शिट वाळून चुन्यासारखी घट्ट बसली होती. पिवळ्या बाजूला ती दाद देईना, म्हणून त्यांनी घासणी उलटी केली. शिट निघाली. तिच्याबरोबर गाडीची चकाकीही निघाली आणि तळहाताएवढ्या जागेवर आरशावर फुंकर मारावी तसा एक पांढुरका ढग उरला.

इथपर्यंतच्या हकिकतीबद्दल घरात दुमत नाही. पुढच्या हकिकतीबद्दल आहे.

तपासनीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे, तो त्यांचा हुद्दा. बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीतून निघणाऱ्या मालाचा रंग एका पुठ्ठ्यावरच्या छटांशी ताडून पाहायचा आणि कच्चं, बरोबर किंवा करपलं यांतला एक शेरा मारायचा, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं ते काम करून त्यांचा असा पक्का समज झाला होता की माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, पण रंग बोलणार नाही. घरी चहाचा कप पुढे आला तरी ते आधी तो उजेडात धरत. बायकोने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

या तत्त्वाला त्यांच्या आयुष्यात एकच अपवाद होता आणि तो नेमका याच गाडीचा. गाडी निळी होती. सासऱ्यांच्या मते ती राखाडी होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागल्यानंतर त्यांनी ती जुन्या बाजारातून घेतली होती आणि घरी आणताना अभिमानाने सांगितलं होतं की निळ्या, लाल असल्या उडाणटप्पू रंगांच्या गाड्या आपल्याला चालत नाहीत, म्हणून मुद्दाम राखाडी शोधली. घरातली सगळी एकमेकांकडे पाहून गप्प बसली. पहिल्या दिवशी गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलता येत नाही. तेव्हापासून त्या कुटुंबात ती राखाडी गाडी होती, आणि रंगाचा पगार घेणारे तपासनीसही तिला राखाडीच म्हणत. सासऱ्यांपुढे कोण शेरा मारणार?

आता सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली. गाडी दारात दिसली की आपल्याला मोह होईल, हे सासऱ्यांना स्वतःबद्दल ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती जावयाकडे ठेवायची ठरवली. दोन्ही मुली, दोन्ही जावई समोर बसलेले असताना त्यांनी किल्ली मोठ्या जावयाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यांच्याकडे राहू दे. हे वस्तू जपतात."

हे वाक्य धाकट्या जावयाला उद्देशून होतं. धाकट्याने, म्हणजे तपासनीसांच्या साडूने, एकदा हीच गाडी दोन दिवसांसाठी नेली होती आणि परत आणताना एका चाकाची झाकणी कमी होती. त्या झाकणीची गोष्ट तेव्हापासून प्रत्येक जेवणाला वाढली जात होती. ती सगळ्यात रंगवून सांगत ते तपासनीस. झाकणी गडगडत कुठे गेली असेल, आता ती कुणाच्या घरी कशावर झाकण म्हणून बसत असेल, असे त्यांचे स्वतःचे तपशील असत. साडू ताटात बघत हसत असे.

तेव्हा बॉनेटवरच्या ढगाकडे पाहताना तपासनीसांना जे दिसलं ते रंगाचं नुकसान नव्हतं. पुढच्या सगळ्या जेवणांना सांगितली जाणारी गोष्ट दिसली. तीत घासणी होती, हिरवी बाजू होती आणि रंगातले तज्ज्ञ होते. हसत सांगणारा साडू होता आणि ताटात बघणारे ते स्वतः होते. सासरे रविवारी पट्टी काढून गाडी बघायला येणार होते. तेही नव्या डोळ्याने. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. जुन्या डोळ्यांना बॉनेटवर हत्ती बसला असता तरी तो दिसला नसता.

ढगाचा एक गुण मात्र तपासनीसांना लवकरच कळला. पाणी मारलं की तो नाहीसा होई. सुकला की परत येई. कारखान्यातून आल्यावर ते दर थोड्या वेळाने खाली जाऊन बॉनेटवर तांब्याने पाणी ओतू लागले, आणि वर येऊन गॅलरीतून ते वाळताना बघू लागले. बसणं त्यांना जमेना. वर्तमानपत्र उघडत, मिटत, चप्पल घालत.

"बाबांना गाडी ओलीच दाखवणार का?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं. तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिने घासणी शोधली होती, एवढंच.

अशा रीतीने तपासनीस गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानदाराने प्रश्न ऐकून घेतला, काउंटरखालून एक टोपली वर काढली आणि ती त्यांच्यापुढे ठेवली. टोपलीत फोमच्या गोल चकत्या होत्या: पिवळ्या, नारिंगी, निळ्या, काळ्या, पांढऱ्या. काही सपाट, काहींवर खाचा. पाठीला चिकटणारं कापड. ही पॅड मशीनला लावायची, त्यावर थेंबभर पॉलिश घ्यायचं आणि रंगावर फिरवायचं. कडक पॅड ओरखडा कापतं, मधलं सारखं करतं, मऊ चमक आणतं. कोणतं कडक आणि कोणतं मऊ ते रंगावरून कळतं, असं दुकानदार म्हणाला, आणि तपासनीसांच्या जिवात जीव आला. जगात शेवटी कुणीतरी त्यांच्या पद्धतीने काम करत होतं.

"पिवळं म्हणजे?"

"पिवळं कडक," दुकानदार म्हणाला. "ह्या कंपनीचं."

"आणि त्या कंपनीचं?"

"त्या कंपनीचं पिवळं मऊ. तिसरी एक आहे, तिचं मधलं."

प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने रंग ठरवले होते. एकीचा काळा सगळ्यात मऊ, दुसरीचा काळा खडूस. तपासनीसांनी विचारलं की मग ही टोपलीतली कोणत्या कंपनीची. दुकानदाराने टोपलीत पाहिलं आणि मोकळेपणाने सांगितलं की पाकिटं जागा फार खातात, म्हणून ती फेकून दिली. लोक दाबून बघतात आणि नेतात.

आपल्या कारखान्यात एका भट्टीचं करपलेलं ते दुसऱ्या भट्टीचं बरोबर असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून तपासनीस थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग शहाण्या माणसाने जे करायला नको ते त्यांनी केलं. प्रत्येक रंगाचं एकेक पॅड घेतलं. दुकानदाराने मशीन वापरायला दिलं आणि त्यासोबत एक राखी रंगाचं पॅड असंच ठेवून दिलं. ते मशीनबरोबर येतं, म्हणाला, ते कुणी वापरत नाही.

पॅडची आरास जेवणाच्या टेबलावर मांडली गेली आणि तिथून ती इमारतीची सार्वजनिक मालमत्ता झाली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर पहिले आले. दाताला पॉलिश करायला त्यांच्याकडेही एक फिरती रबरी वाटी असते, तेव्हा हा विषय मूलतः आपलाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी डोळे मिटून एकेक पॅड अंगठ्याने दाबलं आणि सांगितलं की नेहमी सगळ्यात मऊपासून सुरुवात करावी, कारण घासलेलं परत येत नाही. त्यांच्या मते नारिंगी सगळ्यात मऊ होतं. समोरच्या घरातले फर्निचरवाले म्हणाले, साफ चूक. लाकूड आधी खरखरीत कागदाने घासतात, मग बारीक. आधी कडक, मग मऊ. त्यांच्या मते नारिंगी सगळ्यात कडक होतं. दोघांनी तेच नारिंगी पॅड दोन्ही बाजूंनी धरून दाबलं, आणि दोघांनाही आपलंच खरं असल्याची खात्री पटली.

दातांच्या डॉक्टरांनी जाता जाता एक गोष्ट मात्र सांगितली, तीच तपासनीसांच्या मनात रुतली. एकदम भलत्या ठिकाणी हात घालू नका, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं करून बघा. नमुना घेणं! हे सांगायला त्यांना दातांचे डॉक्टर लागावेत, याची तपासनीसांना लाज वाटली. प्रत्येक पॅडचा नमुना घ्यायचा, शेजारी शेजारी ठेवायचा आणि ताडून पाहायचा. आयुष्यभर आणखी केलं काय होतं? त्या विचाराने ते इतके शांत झाले की पांढऱ्या पॅडवर बायकोने डाळीचं गरम पातेलं ठेवलेलं त्यांना पातेलं उचलल्यावरच दिसलं. पॅडचा पापड झाला होता.

"मला वाटलं त्यासाठीच आणलीत," ती म्हणाली. "तरी म्हटलं, एवढी कशाला."

मशीनला वीज हवी होती. पार्किंगमध्ये एकच सॉकेट होतं आणि ते पाण्याच्या पंपाचं होतं, म्हणून सेक्रेटरींकडे जाणं भाग पडलं. सेक्रेटरी नियमाचे पक्के होते. त्यांनी विचारलं की हे काम नेमकं कशात मोडतं. दुरुस्ती असेल तर पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी आहे, तसा फलकच आहे. सफाई असेल तर हरकत नाही, पण सफाई म्हणजे बादली आणि फडकं. तपासनीस म्हणाले की गाडी बिघडलेली नाही, तेव्हा दुरुस्ती नव्हे. आणि मळलेलीही नाही, तेव्हा सफाईही नव्हे. हे बोलल्यावर आपण हात दाखवून अवलक्षण केल्याचं त्यांच्या लक्षात आलं. सेक्रेटरींनी बराच विचार करून निकाल दिला की हे सुशोभीकरण आहे, आणि सुशोभीकरणाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभा वर्षातून एकदा. मागची नुकतीच झाली.

शेवटी वायर तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून खिडकीवाटे खाली सोडली. मिक्सर, इस्त्री आणि बायकोची शांतता ही त्या काळापुरती बंद राहणार, असं घरात ठरलं.

शनिवारी सकाळी तपासनीसांनी गाडीवर कागदी चिकटपट्टीचे चौकोन आखले. न दिसणारे कोपरे शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की गाडीला न दिसणारा कोपरा नसतोच. आपण जिथे वाकून बघतो तो प्रत्येक कोपरा दिसतो. म्हणून त्यांनी सर्व भागांना सारखा न्याय दिला. एक चौकोन टपावर, एक डिकीवर, पुढच्या दोन्ही दारांवर एकेक. प्रत्येक पट्टीवर पॅडचा रंग लिहिला. ढगावरही शेजारी शेजारी चौकोन आखले. काम इतकं नेटकं झालं होतं की ते थोडे दूर जाऊन बघत उभे राहिले.

मग त्यांनी काळं पॅड लावलं, त्यावर पॉलिशचे चार थेंब टाकले, मशीन छातीशी धरलं आणि बटण दाबलं.

पॅड आधी रंगावर टेकवायचं असतं आणि मग बटण दाबायचं असतं. हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागेल असं त्याला वाटलं नसावं. पॉलिशने क्षणार्धात चहूकडे प्रस्थान ठेवलं. ते भिंतीवर गेलं, पंपावर गेलं, तपासनीसांच्या चष्म्यावर गेलं आणि सुशोभीकरण सुरू झालं का ते बघायला आलेल्या सेक्रेटरींच्या शर्टावर गेलं. सेक्रेटरींनी फलकाकडे बोट दाखवलं आणि ते शर्ट बदलायला गेले.

आता वेळ थोडा होता. तपासनीसांनी चौकोनामागून चौकोन हातावेगळा केला. पॅड धुवायचं राहून गेल्याने नारिंगीत पॉलिश वाळलं आणि त्याची वीट झाली. निळ्याची पाठ गरम होऊन कापड सुटलं आणि ते मशीनवरून उडून पाण्याच्या उघड्या टाकीत पडलं. तरी नमुने पूर्ण झाले. आणि तेव्हा, अंग पुसत मागे सरल्यावर, त्यांना दिसलं.

चौकोन चमकत होते. नुसते चमकत नव्हते, त्यांत भिंतीवरची ट्यूबलाइट आणि तिच्यावरची कोळिष्टकंसुद्धा दिसत होती. आणि चौकोन जितके चमकत होते तितकी उरलेली गाडी, जी सकाळपर्यंत बरी दिसत होती, ती आता कळकट दिसत होती. तळहाताएवढ्या एका ढगाच्या जागी सबंध गाडीवर बुद्धिबळाचा पट मांडला गेला होता. ढगावरच्या चौकोनांपैकी एकातला ढग मात्र पार गेला होता. साफ, काच. म्हणजे बरोबर पॅड सापडलं होतं.

"काय चाललंय, दादा?"

साडू फाटकात उभा होता. सासऱ्यांच्या डोळ्यांत टाकायचं औषध त्यांच्याकडे पोचवायला जाता जाता तो डोकावला होता. त्याने गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उगवत होतं ते तपासनीसांना बघवेना, म्हणून ते तोंड धुवायला नळाशी गेले. परत येऊन बघतात तो साडूच्या हातात चिकटपट्ट्यांचा एक मोठा गोळा. मदत म्हणून त्याने सगळ्या सोलल्या होत्या.

"अरे, त्यांच्यावर लिहिलं होतं. कुठलं पॅड ते."

साडूने गोळ्याकडे पाहिलं. गोळ्यावर कुठेतरी "पि" दिसत होता, कुठेतरी "ळा".

तपासनीस गाडीच्या चाकाशी मटकन बसले. त्यांनी साडूला सगळं सांगितलं. घासणी, हिरवी बाजू, तांब्याने पाणी, सगळं. सांगताना त्यांना ऐकू येत होतं की ही गोष्ट झाकणीपेक्षा सरस आहे. साडूला ती फार रंगवावी लागणार नव्हती.

साडू बराच वेळ हसला. हसून झाल्यावर त्याने बाह्या वर केल्या. "सगळी गाडीच करू," तो म्हणाला. "पण एक अट. झाकणी आजपासून बंद."

"बंद."

"जेवताना पण."

"जेवताना पण."

कोणतं पॅड वापरायचं हा प्रश्न, ज्यावर एवढा खल झाला, तो आपोआप सुटला होता. पांढऱ्याचा पापड, नारिंगीची वीट, निळं टाकीत. पिवळं आणि काळं पहिल्या दारालाच फाटली. उरलं ते मशीनबरोबर आलेलं, कुणी वापरत नाही ते राखी. ना कडक ना मऊ. दोघांनी आळीपाळीने ते फिरवलं, एकाचे हात भरून आले की दुसऱ्याने. दातांचे डॉक्टर येऊन सांगून गेले की हेच ते मऊ म्हणत होते. फर्निचरवाले येऊन सांगून गेले की हेच ते कडक. सासऱ्यांचं औषध पोचवायला उशीर झाला तो झालाच. पण संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ढग नव्हता, चौकोन नव्हते, आणि दाराच्या कुलपाभोवती सासऱ्यांनी अंदाजाने किल्ली टोचटोचून केलेले बारीक ओरखडेही नव्हते. गाडी एखाद्या विहिरीसारखी खोल आणि निळी दिसत होती. बायको खाली येऊन बघून गेली. "छान झाली," म्हणाली, आणि थोडं थांबून, "जरा जास्तच छान झाली."

त्या वाक्याचा अर्थ तपासनीसांना रविवारी कळला.

सासरे काळा चष्मा लावून आले. मागे दोन्ही मुली, मागे साडू. बॉनेटवर, जिथे ढग होता नेमकं तिथे, सासऱ्यांनी हात टेकला. सासऱ्यांनी काळा चष्मा काढला आणि गाडीकडे पाहिलं. मग ते तिच्याभोवती फिरले. कुलपापाशी वाकले, ओरखड्यांच्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही माझी गाडी नाही," ते म्हणाले.

"बाबा, तुमचीच आहे," मोठी मुलगी म्हणाली.

"माझी राखाडी होती. ही निळी आहे." ते जावयाकडे वळले. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "जावईबापू, मी ती सांभाळायला दिली होती. रंगवायला नाही. रंग देण्याआधी मला एक शब्द विचारायचा होता."

तपासनीसांनी तोंड उघडलं. त्यांच्यापुढे दोन उत्तरं होती. गाडी रंगवली नाही, नुसती पॉलिश केली, असं म्हणावं, तर का केली हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरात सिंकवर पडलं होतं. गाडी पहिल्यापासून निळीच आहे, असं म्हणावं, तर एवढी वर्षं सगळं घर आपल्याला खेळवत होतं, आणि रंगाची नोकरी करणारा जावई त्यात सामील होता, हे सासऱ्यांना आज, नव्या डोळ्याच्या पहिल्या दिवशी, भर पार्किंगमध्ये कळणार होतं. आगीतून उठून फुफाट्यात. त्यांनी साडूकडे पाहिलं. साडू कधी नव्हे तो भिंतीवरचा फलक लक्षपूर्वक वाचत होता.

एवढ्यात सासऱ्यांनी काहीतरी सुचल्यासारखं उजवा डोळा हाताने झाकला. डावा, न केलेला डोळा, गाडीकडे रोखला.

"ही राखाडी आहे," ते सावकाश म्हणाले.

हात दुसऱ्या डोळ्यावर नेला. "निळी." परत पहिल्यावर. "राखाडी."

वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर सुरू केला.

"तुम्ही यातलेच आहात," सासरे म्हणाले. "रंग खोटं बोलत नाही म्हणता ना? मग सांगा. कुठल्या डोळ्याचं खरं?"

तपासनीसांनी सांगितलं की सध्याच्या उजेडात नक्की सांगणं कठीण आहे, दिवसाउजेडी बघायला हवं. तेव्हा सकाळ होती.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोवर निर्णय राखून ठेवावा आणि गाडी आहे तिथेच असावी, तिला कुणी हात लावू नये, असं सासऱ्यांनी ठरवलं आहे. ते रोज संध्याकाळी येतात. जेवायला थांबत नाहीत, त्यामुळे जेवताना कुठलीच गोष्ट सांगितली जात नाही. गाडीपुढे उभे राहतात, एक डोळा झाकतात, मग दुसरा, आणि मग जावयाकडे बघतात. कालही आले होते. तपासनीस तेव्हा गॅलरीत होते. गाडीच्या टपावर एक कबुतर बसलं होतं, आणि खाली जावं की नाही, या विचारात तपासनीस होते.